एक दिवस, दोन न्यायमूर्ती: छागला साहेबांची खुर्ची आणि आपला प्रश्न

सिहोऱ्याहून बोलतोय. ज्यांना बसमध्ये इअरफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं जसंच्या तसं आहे.

आजचा विषय मला घरातल्या एका जुन्या पेटीत सापडला. दिवाळीला साफसफाई करताना आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. आत शेतीचे कागद होते. धुऱ्यावरून भावकीत झालेलं जुनं भांडण, त्याच्या नकला, अर्ज, मुद्रांक. गंमत अशी की एका कागदावर राज्याचं नाव होतं मध्य प्रदेश. त्यानंतरच्या कागदावर मुंबई. आणि त्याच्याही नंतरच्या कागदावर महाराष्ट्र. म्हटलं, हे लोक एवढे फिरले कुठे? तर कुठेच नाही. शेत तिथेच, घर तिथेच, चांदपूरचा तलाव तिथेच. राज्यच तीनदा बदललं.

हे शाळेत शिकलेलं असतं, पण डोक्यात बसलेलं नसतं. म्हणून आधी थोडक्यात सांगतो. आपला भंडारा जिल्हा आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, मग जुन्या मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर, हायकोर्टही नागपूरला. बालाघाटसुद्धा त्याच राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नदीपलीकडचं बालाघाट नव्या मध्य प्रदेशात गेलं आणि आपण विदर्भासकट मुंबईच्या द्विभाषिक राज्यात आलो. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, ते वेगळं झालं १९९९ मध्ये.

आता खरी गोष्ट. राज्य बदललं म्हणजे हायकोर्टही बदललं. नागपूर हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूरलाच वकिली केलेले. कायद्याने नागपूरचं हायकोर्ट हेच नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट ठरलं आणि ते जबलपूरला हललं. हिदायतुल्ला साहेब तिकडे गेले. आपल्यासाठी नागपूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. आणि मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते मोहम्मदअली करीम छागला.

थांबा, इथेच संपत नाही. मुंबई राज्याचे राज्यपाल हरेकृष्ण महताब ऑक्टोबर १९५६ मध्ये पदावरून गेले आणि नवे राज्यपाल श्रीप्रकाश डिसेंबरमध्ये आले. मधल्या काळात कार्यवाहक राज्यपाल कोण? छागलाच. म्हणजे ज्या दिवशी सिहोरा मुंबई राज्यात आलं, त्या दिवशी आपले राज्यपाल हे मुळात एक न्यायाधीश होते. काम संपल्यावर ते पुन्हा आपल्या कोर्टात जाऊन बसले.

या माणसाने पुढे काय काय केलं ते बघा: अमेरिकेत राजदूत, ब्रिटनमध्ये उच्चायुक्त, राज्यसभेचे सदस्य, देशाचे शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री. न्यायाधीश, मग राज्याचा प्रमुख, मग दिल्लीत मंत्री. आज एखादे न्यायमूर्ती निवृत्त होऊन राज्यपाल किंवा खासदार झाले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, बघा, निकालाचं बक्षीस मिळालं. दुसरा म्हणतो, हुशार माणसाचा देशाला उपयोग होतोय, तुझं काय जातं? मला वाटलं, हा वाद नीट समजून घ्यायचा तर छागलांपासून सुरुवात करायला हवी. कारण त्यांच्या एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो.

तर हे छागला कोण? जन्म मुंबईचा, ३० सप्टेंबर १९००. खोजा व्यापारी घराणं, मूळ आडनाव मर्चंट. छागला हे घरातलं लाडाचं नाव, तेच त्यांनी आडनाव म्हणून घेतलं. ऑक्सफर्डला इतिहास शिकले, बॅरिस्टर होऊन १९२२ मध्ये परत आले. आणि मग? काम नाही. बॅरिस्टर आहेत, पण पक्षकार नाहीत. आपल्यातल्या किती जणांना हे वाचून कॉलेजनंतरचं पहिलं वर्ष आठवलं असेल!

त्या काळात ते मोहम्मद अली जिना यांच्या चेंबरमध्ये काम करत होते. जिना तेव्हा मुंबईचे नावाजलेले वकील. छागला त्यांना गुरू मानायचे, मुंबईत मुस्लिम लीगचं कामही बघायचे. पण १९२८ मध्ये नेहरू अहवाल आला, मोतीलाल नेहरूंच्या समितीचा, आणि त्यावरून दोघांचं बिनसलं. छागलांनी अहवालाला पाठिंबा दिला, जिनांनी नाही. छागला लीगमधून बाहेर पडले. अजून स्वतःची वकिली धड उभी राहिली नव्हती, आणि ज्याच्या आधाराने उभं राहायचं त्याच माणसाची साथ सोडली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवायचे. तिथे त्यांचे सहकारी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हो, तेच बाबासाहेब, ज्यांनी १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ज्यांना आपण हरवलं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात हे पानही आहे, विसरून चालणार नाही.

१९४१ मध्ये छागला मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, त्या कोर्टाचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायमूर्ती. पुढची अकरा वर्षं त्यांनी ते कोर्ट चालवलं. त्यांची एक सवय वकील मंडळींमध्ये अजून सांगितली जाते. युक्तिवाद संपला की ते बहुतेक वेळा तिथेच, भर कोर्टात, निकाल सांगायला सुरुवात करायचे. तारीख पे तारीख नाही. धुऱ्याच्या भांडणात दोन पिढ्या गेलेल्या घरातला मुलगा म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं.

दोन प्रसंग सांगतो.

पहिला १९५६ चा. लोकमान्य टिळकांची जन्मशताब्दी होती. १९०८ मध्ये याच मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली होती. शिक्षा ऐकल्यावर टिळक जे बोलले ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ते शब्द कोरलेली संगमरवरी पाटी त्याच कोर्टरूमबाहेर लावली गेली, आणि तिचं अनावरण केलं मुख्य न्यायमूर्ती छागलांनी. म्हणजे ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाच्या प्रमुखाने जाहीर कबुली दिली की त्या दिवशी इथे न्याय झाला नव्हता. कोर्टाने स्वतःची चूक भिंतीवर लावणं, हे सोपं नाही.

दुसरा प्रसंग मुंधडा प्रकरणाचा. एलआयसी सुरू झाली सप्टेंबर १९५६ मध्ये. वर्ष व्हायच्या आत, जून १९५७ मध्ये, तिने हरिदास मुंधडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतले, सव्वा कोटीच्या आसपास रकमेचे. लोकांच्या विम्याचा पैसा, आणि कंपन्या अडचणीतल्या. लोकसभेत हा विषय काढला फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधान नेहरूंच्या जावयाने, तेही सत्ताधारी बाकावरून. सरकारने चौकशी नेमली, एकट्या छागलांची. त्यांनी ती मुंबईत जाहीरपणे चालवली. गर्दी इतकी, की आत न मावणाऱ्यांसाठी बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. म्हणजे तेव्हाचं लाइव्ह स्ट्रीमच की! महिन्याच्या आत, फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल तयार. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी म्हणत होते की सचिवाने केलं, मला माहीत नव्हतं. छागलांनी लिहिलं की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

आता जरा विचार करा. ज्या न्यायाधीशाच्या अहवालामुळे नेहरूंना आपला अर्थमंत्री गमवावा लागला, त्याच न्यायाधीशाला त्याच वर्षी नेहरू सरकारने अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं. याला बक्षीस कसं म्हणायचं? सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्याला कुणी बक्षीस देतं का? इथपर्यंत मी पूर्णपणे छागलांच्या बाजूने होतो.

पण मग विधी आयोगाचा चौदावा अहवाल वाचनात आला.

झालं असं. स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग १९५५ मध्ये नेमला गेला. अध्यक्ष ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. सदस्यांमध्ये छागला होते. न्यायव्यवस्था कशी सुधारावी यावरचा त्यांचा चौदावा अहवाल सप्टेंबर १९५८ मध्ये आला. त्यातला एक मुद्दा असा, की न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेणं योग्य नाही, त्यावर बंदी हवी. कारण साधं आहे. कोर्टात सगळ्यात मोठा पक्षकार म्हणजे सरकार. उद्या ज्याच्याकडून पद मिळायची आशा आहे, त्याच्याविरुद्ध आज निकाल देताना हात जड होऊ शकतो. झाला नाही तरी समोरच्याला तसं वाटू शकतं.

अहवाल सप्टेंबरचा. ऑक्टोबरमध्ये छागलांनी मुख्य न्यायमूर्तिपद सोडलं, वयाची साठ वर्षं पूर्ण व्हायला म्हणजे निवृत्तीला जवळपास दोन वर्षं बाकी असताना, आणि ते राजदूत होऊन वॉशिंग्टनला गेले.

सेटलवाड भडकले. पुढे आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे स्पष्ट लिहून ठेवलं. शाई वाळली नाही तोवर यांनी नियम मोडला, असा त्यांचा रोख. आणि खरं सांगू? इथे मला छागलांची बाजू घेता येत नाही. नियम दुसऱ्या कुणी त्यांच्यावर लादला नव्हता. तो लिहिणाऱ्यांत ते स्वतः होते.

बरं, पुढे आणखी एक गुंता झाला. आपल्या गोव्याच्या इतिहासाशी जोडलेला. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाली. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, की आमच्या वसाहतींमध्ये जायला भारतातून वाट द्या. अशा खटल्यात दोन्ही देशांना आपापला एक तात्पुरता न्यायाधीश नेमता येतो. भारताचे होते छागला. १९५७ च्या पहिल्या निकालावेळी ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते. पण एप्रिल १९६० च्या शेवटच्या निकालावेळी? तेव्हा ते वॉशिंग्टनमध्ये भारत सरकारचे राजदूत होते! एका खुर्चीवर सरकारचे प्रतिनिधी, दुसऱ्या खुर्चीवर सरकारच्याच खटल्यात न्यायाधीश. तेव्हाच्या नियमांत हे बसत होतं. निकालात न्यायालयाने सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क मानला, सैन्य आणि शस्त्रांसाठी नाही, आणि भारताने काही चुकीचं केलं नाही असं ठरवलं. म्हणजे निकाल भारताला फार जड गेला नाही. पण खुर्च्यांचा प्रश्न उरतोच.

१९६१ पर्यंत अमेरिका, १९६२–६३ मध्ये लंडन, आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये नेहरूंनी त्यांना शिक्षणमंत्री म्हणून बोलावलं. राज्यसभेतून ते संसदेत बसले. फेब्रुवारी १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर भारताची बाजू त्यांनी मांडली. त्याच वर्षी कोठारी आयोग नेमला गेला, ज्याच्या १०+२+३ वर आपण सगळे शिकलो. जेएनयूचं विधेयक १९६५ मध्ये राज्यसभेत मांडलं ते छागलांनीच. नोव्हेंबर १९६६ मध्ये इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात ते परराष्ट्रमंत्री झाले.

आणि सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कशावरून? भाषेवरून! सरकारने ठरवलं होतं की विद्यापीठांत सगळीकडे प्रादेशिक भाषांतून शिक्षण द्यायचं, आणि तेही थोड्या वर्षांत. छागलांचं म्हणणं, इंग्रजी अशी घाईने काढली तर देशातल्या विद्यापीठांना जोडणारा दुवा तुटेल.

इथे मी जरा स्वतःचं सांगतो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. बीटेकच्या पहिल्या सेमिस्टरला थर्मोडायनॅमिक्स येत नव्हतं असं नाही, इंग्रजी प्रश्न कळत नव्हता. आता २०२१ पासून काही कॉलेजांत मराठीतून इंजिनिअरिंग सुरू झालंय, आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणजे छागलांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. दुसरीकडे आज जे काम करतो ते सगळं इंग्रजीत चालतं, त्यामुळे त्यांची काळजी फालतू होती असंही म्हणवत नाही. पण मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की परराष्ट्रमंत्र्याला भाषेच्या धोरणावरून राजीनामा द्यायची काहीच गरज नव्हती. खातं दुसऱ्याचं होतं. गप्प बसले असते तर कुणी विचारलंही नसतं. पटलं नाही, म्हणून खुर्ची सोडली.

त्यानंतर ते परत वकिली करू लागले. आणीबाणी आली, १९७५. भलेभले गप्प होते. पंचाहत्तरीचे छागला मात्र जाहीर सभांमधून तिच्याविरुद्ध बोलले. पदाची हाव असलेला माणूस असं करत नाही. ९ फेब्रुवारी १९८१ ला त्यांचं निधन झालं. मुंबई हायकोर्टात त्यांचा पुतळा आहे.

आता आपल्या दुसऱ्या न्यायमूर्तींकडे वळू, जे आपल्याला सोडून जबलपूरला गेले. हिदायतुल्ला पुढे सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक झाले, पण निवडणूक लढवायला त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. मग पाच आठवडे कार्यवाहक राष्ट्रपती कोण? सरन्यायाधीश हिदायतुल्ला. आणि त्याच दिवसांत, ऑगस्ट १९६९ मध्ये, बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर संमतीची सही करायची वेळ त्यांच्यावर आली. पुढे त्या कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान मिळालं. अकरा न्यायाधीश बसले, पण त्यांत सरन्यायाधीश नव्हते. ज्या कायद्यावर आपली सही आहे त्याचा निवाडा आपण करायचा नाही. डिसेंबर १९७० मध्ये ते निवृत्त झाले. १९७९ मध्ये बिनविरोध उपराष्ट्रपती झाले आणि त्या नात्याने पाच वर्षं राज्यसभेचे सभापती. पद त्यांनाही मिळालं. पण मध्ये जवळजवळ नऊ वर्षं गेली होती. ज्या सरकारविरुद्ध निकाल दिले ते सरकार जाऊन दुसरं, तिसरं आलं होतं. कुणी संशय घ्यावा असं काही उरलं नव्हतं.

त्यानंतरची यादी मोठी आहे, आणि ती कुण्या एका पक्षाची नाही. बहरुल इस्लाम १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा राजीनामा देऊन काँग्रेसकडून राज्यसभेत गेले. माजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम एप्रिल २०१४ मध्ये निवृत्त झाले, सप्टेंबरमध्ये केरळचे राज्यपाल झाले. रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले, मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नियुक्त. एस. अब्दुल नझीर जानेवारी २०२३ मध्ये निवृत्त, फेब्रुवारीत आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून नाव जाहीर. यांच्यातल्या कुणाच्या मनात काय होतं हे मला कळायचा मार्ग नाही, आणि मी ते सांगणारही नाही. पण तारखा सगळ्यांना वाचता येतात.

गंमत बघा. राज्यघटनेत याचा विचारच झाला नाही असं नाही. देशाचे हिशेब तपासणारे कॅग निवृत्तीनंतर केंद्र किंवा राज्य सरकारचं कुठलंच पद घेऊ शकत नाहीत, अनुच्छेद १४८. यूपीएससीच्या अध्यक्षांनाही सरकारी नोकरी बंद, अनुच्छेद ३१९. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला निवृत्तीनंतर देशातल्या कुठल्याही कोर्टात वकिली करता येत नाही, अनुच्छेद १२४. पण राज्यपाल? चालतं. राजदूत? चालतं. खासदार? तेही चालतं. उलट कितीतरी आयोग आणि न्यायाधिकरणांसाठी कायदाच म्हणतो की निवृत्त न्यायाधीश हवेत. म्हणजे सरसकट बंदी घातली तर तीही अडचणीची. मधला मार्ग म्हणून काही वर्षांचं सक्तीचं अंतर सुचवलं जातं.

आपल्या विदर्भाचे, अमरावतीचे भूषण गवई मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं की निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही. जूनमध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात बोलताना, निवृत्तीनंतर लगेच पद घेतलं की लोकांच्या मनात प्रश्न उभे राहतात, हेही ते म्हणाले. चांगलंच आहे. पण हा झाला एका माणसाचा शब्द. पुढच्या माणसावर तो बंधनकारक नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून माझ्या कामातलं उदाहरण देतो. आमच्याकडे नियम असतो की स्वतः लिहिलेला कोड स्वतःच पास करायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा. टीममधला सगळ्यात हुशार, सगळ्यात प्रामाणिक माणूस असला तरी त्यालाही सूट नाही. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. त्याला सूट दिली की उद्या ज्याच्यावर विश्वास नाही तोही तीच सूट मागतो, आणि मग नाही म्हणायला कारण उरत नाही.

छागला हे टीममधले तसे सगळ्यात प्रामाणिक माणूस होते. लीग सोडली, मंत्रिपद सोडलं, आणीबाणीत बोलले. त्यांनी राजदूतपदासाठी एकही निकाल वाकवला असेल असं मला वाटत नाही, मुंधडा अहवालच त्याचा पुरावा. तरीही १९५८ चा तो निर्णय चुकीचा होता, असं मी म्हणेन. कारण त्यांच्यानंतर प्रत्येकाला सांगता आलं, छागलांनी घेतलं नव्हतं का? चांगल्या माणसाने मोडलेला नियम जास्त महागात पडतो, कारण त्याचं उदाहरण टिकतं.

आजोबांच्या पेटीतले कागद मी परत घडी घालून ठेवले. त्या भांडणात आमच्या बाजूने निकाल लागला नव्हता, हे मला वाचून कळलं. आजोबा हे आयुष्यात एकदाही बोलले नाहीत. पण कोर्ट विकलं गेलं असंही ते कधी म्हणाले नाहीत. हरलेल्या माणसालाही असं वाटलं पाहिजे, की ज्याने निकाल दिला त्याचं दुसऱ्या कुठल्या खुर्चीकडे लक्ष नव्हतं. त्यासाठी दोन-चार वर्षं थांबणं, मला तरी फार मोठी किंमत वाटत नाही.

तुम्हाला काय वाटतं? किती वर्षांचं अंतर हवं, की नकोच? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, घरात जुनी पेटी असेल तर ती भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात, तोवर राम राम!